स्वखुशीने

"आम्हाला मुलांना हात लावायची परवानगी नाही. तुम्ही आई आहात. तुम्ही मारा."

हेडसर नववीच्या वर्गाच्या दारात उभे राहून मला हे सांगत होते. मी आत, फळ्यापाशी. हाताला हळद, पदर ओला. मला चुलीपासून उठवून आणलं होतं. त्याच शाळेत मी खिचडी शिजवते, आठवीपर्यंतच्या पोरांची. घाटंजीतली संस्थेची शाळा आहे. निकाल शंभर टक्के, असं फाटकावरच रंगवून ठेवलेलं आहे.

माझी पोरगी मैत्री तिसऱ्या बाकाखाली बसली होती. पंधरा वर्षांची पोरगी, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात कानांवर दाबून. वर्गबाई टेबलापाशी आपलं मनगट धरून उभ्या होत्या. मनगटावर दात उमटले होते. मैत्रीचे दात.

"मॅडम, माफ करा," मी म्हणाले. "मी तिले घरी नेऊन समजावते."

"घरी नाही," हेडसर म्हणाले. "इथेच. सगळ्या वर्गासमोर. नाहीतर उद्या प्रत्येकजण चावायला लागेल."

पोरं बघत होती. यातली निम्मी पोरं परवापरवापर्यंत माझ्या हातची खिचडी खायची. काकू, अजून वाढा म्हणायची. आता तोंडावर वही धरून हसत होती.

मी मारलं.

हाताला धरून बाकाखालून ओढून काढलं आणि कानाखाली मारली. मग दुसरी मारली. दुसरी कशाला मारली, ते मला आजही सांगता येत नाही. हेडसर अजून दारातून हलले नव्हते, बहुतेक म्हणून.

मैत्री रडली नाही. कानावरचा हातही तिनं काढला नाही. म्हणाली, "आई, मी काय केलं थे आधी सांग. मंग मार."

अख्खा वर्ग खदखदून हसला. वर्गबाई म्हणाल्या, "बघितलं? ही अशी उलटून बोलते."

ती उलटून बोलत नव्हती. मैत्रीला टोमणा मारता येत नाही आणि दुसऱ्यानं मारलेला कळत नाही. आधी कारण, मग मार, असा क्रम तिला हवा होता, एवढंच. पण हे मी त्या वर्गात कोणाला सांगणार होते? मी हळदीचे हात पदराला पुसले आणि परत चुलीकडे गेले. डाळ लागली होती. खालची काढून टाकली, वरची वाढली.

झालं होतं असं. चाचणी परीक्षा आली म्हणून वर्गबाईंनी सगळ्यांना हजेरी नंबराप्रमाणे बसवलं. मैत्रीची जागा खिडकीजवळ, तिसरा बाक, भिंतीकडची बाजू. पाचवीपासून तीच. वर्ग बदलला तरी ती नव्या वर्गात जाऊन तोच बाक धरते. त्या दिवशी तिथं दुसरी पोरगी बसवली. मैत्री म्हणाली, "माही जागा हाय." बाईंनी तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा दंडाला धरून ओढलं. मैत्रीनं चावा घेतला.

चावणं चूकच. ते मी आजही म्हणते. त्या बाईंच्या हातातून रक्त आलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

पण दंडाला धरलं की काय होतं, ते मला माहीत आहे. मी पंधरा वर्षं ते बघत आले आहे. तिला मागून कोणी हात लावलेला चालत नाही. फ्रॉकच्या गळ्याला शिवलेली चिठ्ठी टोचते म्हणून मी तिच्या सगळ्या कपड्यांच्या चिठ्ठ्या उसवून देते. कुकरची शिट्टी वाजली की ती भिंतीवर डोकं आपटायची, म्हणून आमच्या घरी कुकर नाही. डाळ-भात गंजातच, उघड्या पातेल्यात शिजतो. वांग्याच्या भाजीत आलू दिसला तर ताट उलटं. आलू वेगळा दिला तर खाते. लग्नाच्या मांडवात आम्ही जात नाही. गेलो होतो एकदा, दिराच्या पोराच्या लग्नात, तिकडे ढाणकीला. बँड सुरू झाला आणि तिनं नवरदेवाच्या घोड्यासमोर लोळण घेतली. तेव्हापासून पत्रिका येतात, पण घरी येऊन आग्रह कोणी करत नाही.

तरी तिला सगळं त्रिशरण-पंचशील एका दमात येतं. विहारात दर पौर्णिमेला म्हणते, एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. गणित तोंडी करते. लिहायला सांगितलं की एका ओळीला अर्धा तास. अक्षर रेघेवर बसलं नाही की पान फाडते, पुन्हा लिहिते, पुन्हा फाडते. पेपर अर्धा कोराच राहतो.

लोक काय म्हणत नाहीत? लाडानं वाया गेली म्हणतात. हिला बाहेरचं आहे, भगताकडे न्या, असंही एकीनं सांगितलं. आमच्यात ते चालत नाही, मी तिला दारातूनच वाट दाखवली. तिचे बाबा जिनिंगमध्ये हमाल आहेत. दिवसभर कापसाच्या गाठी ओढून येतात आणि मैत्री सुरू झाली की चप्पल घालून परत बाहेर जातात. जाताना एकच वाक्य. "तूच तिले डोक्यावर बसवलं." त्यांना बाहेर जाता येतं. मला कुठं जाता येतं?

खरं सांगते. मला तिचा राग येतो. तिची लाजही वाटते. शाळेत माझी चूल आणि तिचा वर्ग यांच्यात फक्त एक मैदान आहे. वर्गातून आवाज चढला की माझा झारा हातातच थांबतो. तिचाच का, हे ऐकत राहते. नसला तर जीव भांड्यात पडतो. मग शिपाई मैदानातून चालत येताना दिसतो आणि मला कळतं, माझ्याकडेच येतो आहे. रोज हे. घरी गेले तर ती, शाळेत आले तर ती. तिच्यामुळे नोकरी जाईल ही भीती, आणि नोकरीमुळे तिच्या बाजूनं तोंड उघडता येत नाही. मी कोणाच्या बाजूनं बोलू?

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी शाळेत होते तेव्हा, जून-जुलैत, मास्तर वर्गात येऊन म्हणायचे, "सवलतवाले उभे राहा."

आम्ही पाच-सहाजण उभे राहायचो. सगळे आमच्याच वस्तीतले. मास्तर सावकाश फॉर्म वाटायचे, तोवर उभंच राहायचं. बाकीचे बसून बघायचे. फॉर्म फीमाफीचा, शिष्यवृत्तीचा, जो असेल तो. पण नाव एकच, सवलत. दहावीला मी वर्गात दुसरी आले. पेढे द्यायला गेले तर ज्या मास्तरांना मी सगळ्यात जास्त मानायचे तेच हसत म्हणाले, "तुला काय बाई, सवलत आहे." मी अभ्यास केला होता. मान मोडेपर्यंत केला होता. त्या एका शब्दात सगळा धुऊन गेला. पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

तेव्हाच मी ठरवलं होतं. माझं लेकरू या शब्दाला कधी उभं राहणार नाही.

मैत्री सातवीत असताना तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून एक विशेष शिक्षिका आल्या होत्या. तरुण पोरगी, स्कूटीवर फिरायची. मैत्रीशी तासभर बोलली, तिच्याकडून काहीबाही लिहून घेतलं. मग माझ्या चुलीपाशी पोत्यावर येऊन बसली. म्हणाली, "ताई, तुमची मुलगी ढीट नाही. तिचं डोकं वेगळ्या पद्धतीनं चालतं. स्वमग्नता असू शकते, आणखी काही असू शकतं, मी डॉक्टर नाही. यवतमाळला सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत वेळ जास्त मिळतो, वेगळ्या खोलीत बसता येतं. सवलत मिळते."

तिथपर्यंत मी ऐकत होते. पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पोरीला ढीट नाही असं म्हटलं होतं, माझे डोळे भरून आले होते. आणि तिनं तो शब्द काढला.

"आमच्या पोरीले सवलत नोको," मी म्हणाले.

"अहो ताई, ही ती सवलत नाही..."

"कोनतीच नोको."

तिनं दिलेला फॉर्म मी चुलीत घातला. तिच्या समोर नाही, ती गेल्यावर. पुन्हा ती दोनदा आली, मी कामात असल्याचं दाखवलं. मग तिची बदली झाली.

दोन वर्षं. माझ्या पोरीची दोन वर्षं मी माझ्या मानासाठी जाळली. ती वर्गात पानं फाडत होती, मार खात होती, आणि मी छाती काढून सांगत होते, आम्ही काही मागत नाही.

कानाखाली मारलं तो मंगळवार होता. मैत्रीला आठवडाभर घरी ठेवा, असं हेडसर म्हणाले, मी ठेवलं. शुक्रवारी मला हेडसरांच्या ऑफिसात बोलावलं. तिच्या बाबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "सीझन हाय. तूच पाह्य." मी एकटी गेले.

त्या ऑफिसात मी कधी बसलेली नाही. खुर्च्या आहेत. पण खिचडीवाली उभी राहते, हे कोणी सांगावं लागत नाही. त्या दिवशी हेडसर म्हणाले, "बसा." तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांनी समोर कोरा कागद ठेवला, स्वतःच्या खिशातला पेन काढून दिला. आवाज अगदी गोड.

"बघा, नववीत ही पास होत नाही. दहावीला बसवली तर शाळेचा निकाल जातो. आपण असं करू. तुम्ही टीसी काढून घ्या. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्या. घरी बसून अभ्यास होईल तिचा. तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही. लिहा, मी सांगतो."

बाहेरून दहावी. मैत्री बाहेरून काही देणार नव्हती. ती शाळेत येते कारण पाचवीपासून येते आहे. एकदा नाव निघालं की ती खाटेखाली बसेल आणि मग तिला कोणी बाहेर काढू शकणार नाही. हे मला तिथं बसल्या बसल्या दिसलं. तरी मी पेन उचलला. सांगितलेलं लिहायची सवय. प्रति, मुख्याध्यापक. विषय, शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. माझं अक्षर चांगलं आहे. हेडसर वाकून बघत होते, मान हलवत होते.

"माझी मुलगी मैत्री हिचे नाव मी..." त्यांनी सांगितलं. मी लिहिलं.

"स्वखुशीने," ते म्हणाले.

पेन थांबला.

"स्वखुशीने काढून घेत आहे. लिहा. शाळेची कोणतीही तक्रार नाही."

"सर," मी म्हणाले, "मी तिले यवतमाळले नेऊन तपासून आणीन. तालुक्याहून आल्या होत्या त्या मॅडमनं सांगतलं होतं दोन सालाआधी. प्रमाणपत्र भेटते म्हणे. वेळ द्या मले."

हेडसर खुर्चीत मागे टेकले. गोडपणा गेला.

"म्हणजे पुन्हा सवलत? तुमच्या लोकांना प्रत्येक गोष्टीत सवलत लागते. आता वागण्यातही सवलत?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या शब्दाला मी दोन वर्षं घाबरले, ज्याच्यापायी तो कागद जाळला, तो शब्द कागद नसतानाही माझ्या पोरीवर येऊन पडला होता. मी मागितलं असतं तरी पडणार होता. नाही मागितलं तरी पडला. शिवी पदरात आली आणि पोरीच्या हाती काहीच नाही. मी कोणाला दाखवत होते माझा मान? ह्या माणसाला?

आणि मग मंगळवार आठवला. आम्हाला हात लावायची परवानगी नाही, तुम्ही मारा. आज, आम्हाला काढता येत नाही, तुम्ही काढा. दरवेळी हात माझा. मारलं कोणी? आईनं. नाव काढलं कोणी? आईनं, स्वखुशीने. उद्या कोणी विचारलं तर यांच्या कागदावर एक डाग नाही. फॉर्म तरी कोणी जाळला? तोही मीच. माझ्याच हातून माझी पोरगी संपवायची, आणि वर माझीच सही.

मी त्या अर्जावर आडवी रेघ मारली. कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागले. हेडसरांना वाटलं चूक झाली म्हणून पुन्हा लिहिते आहे. ते थांबले. मी लिहिलं. माझी मुलगी मैत्री हिच्या तपासणीसाठी शाळेनं पत्र द्यावं. ती होईपर्यंत तिला खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसू द्यावं. परीक्षेत जास्त वेळ द्यावा. नियमाप्रमाणे असलेली प्रत्येक सवलत द्यावी. तो शब्द मी पूर्ण लिहिला. खाली सही केली. अंगठा नाही, सही.

त्यांनी वाचलं. कागद बोटानं माझ्याकडे सरकवला.

"हे मी घेणार नाही."

"मंग नाई घेत म्हणून लिहून द्या."

"बाई, तुम्ही कुठे काम करता, आठवतं ना?"

"आठवते सर."

कागद उचलून बाहेर बसणाऱ्या कारकून बाबूकडे गेले, आवक नोंदवहीत चढवून पोच द्या म्हटलं. त्यानं ऑफिसच्या दाराकडे पाहिलं आणि वही मिटून तिच्यावर कोपर ठेवलं. मागून हेडसरांचा आवाज आला, "उद्यापासून खिचडीला येऊ नका. दुसरी बाई बघितली आहे."

त्या दिवशीची खिचडी चुलीवर होती. ती मी उतरवली, सगळ्या पोरांना वाढली, गंज घासून पालथे घातले आणि मग फाटकाबाहेर पडले. मोठं काही केल्यासारखं वाटत नव्हतं. भीती वाटत होती.

घरी मैत्री खाटेखाली होती. मी जमिनीवर बसले.

"मैत्री, मंगळवारी मी तुले मारलं. माह्यं चुकलं."

"दोन मारल्या."

"हाव. दोन."

"दोन्ही चुकल्या?"

"दोन्ही."

तिनं थोडा विचार केला. "बाईले चावलं थे माह्यं चुकलं. एकच डाव चावलं." मग विचारलं, "माही जागा थेच हाय ना?"

"मले माहीत नाई," मी म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं की नको, मला कळलं नाही. माहीत नाही हे तिला सहन होत नाही. ती ओरडायला लागली. ताट फेकलं, पाण्याचा माठ फोडला, स्वतःचा हात चावला. शेजारच्यांनी दार लावून घेतलेलं मला ऐकू आलं. मी तिला धरायला गेले नाही. दाराला पाठ लावून बसून राहिले, तिचं थांबेपर्यंत. दोघी एकाच खोलीत, आणि बाहेर जायला दोघींनाही जागा नाही.

तिचे बाबा आले, सगळं ऐकलं. म्हणाले, "कामही घालवलं. आता झालं समाधान?"

"तुमी सोमवारी यवतमाळले येता का नाई, तेवढं सांगा."

ते माठाचे तुकडे गोळा करून बाहेर टाकून आले.

शनिवारी मी पोस्टात गेले. अर्ज पुन्हा स्वच्छ लिहिला होता, पाकिटात घातला होता, वर शाळेचा पत्ता. रजिस्टर करा म्हटलं. खिडकीतल्या भाऊनं पत्ता वाचला, मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं. पोस्टाच्या समोरच शाळा आहे. फाटक तिथून दिसतं.

"बाई, ही काय समोर हाय शाळा. कायले रजिस्टर करून राह्यल्या? हातानं नेऊन द्या ना."

"माह्या हातचं घेत नाई थे," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का मारला आणि पावती दिली.

सोमवारी मी मैत्रीला घेऊन यवतमाळला जाणार आहे. एसटीत ती ओरडेल, लोक वळून बघतील, बघू देत. डॉक्टर काय म्हणतील मला माहीत नाही. तिच्या डोक्यात काय आहे याला नाव मिळेल किंवा मिळणार नाही. ती उद्या शांत होणार नाही, हे मला माहीत आहे. मंगळवारी अकराच्या घंटेला आम्ही दोघी शाळेच्या फाटकात असू. आत घेतलं नाही तर बुधवारी पुन्हा असू. मैत्रीचं नाव त्या शाळेच्या हजेरीत आहे. ते खोडायचं असेल तर हेडसरांनी खोडावं, स्वतःच्या पेनानं, स्वतःच्या अक्षरात, खाली स्वतःची सही करून. माझा हात आता त्यांना मिळणार नाही.